चौथ्या ओळीतलं नाव

आमच्या घरी कार्टूनच्या तीन डीव्हीडी आहेत. पुण्यातल्या एका लहान स्टुडिओनं मुलांसाठी काढलेल्या अकरा गोष्टी त्यांत आहेत. खेकड्याची, करडाची, वाट चुकलेल्या होला पक्ष्याची, अशा. स्टुडिओ कधीच बंद पडला आणि डिस्क कुणी फारशा घेतल्याही नाहीत. आम्ही त्या जपल्या, कारण त्यातल्या चित्रांना रंग माझ्या बायकोनं दिले आहेत.

लग्नानंतर दोन वर्षं चार महिने ती भोरहून रोज एसटीनं पुण्याला जात होती. रेषा दुसरे काढायचे, ही संगणकावर रंग भरायची. ते काम तिला माझ्या मित्रानं मिळवून दिलं होतं. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर बसलेलो. त्या स्टुडिओत शेवटची जुळवाजुळव त्याच्याकडे असायची. आवाज बसवायचा, शेवटी नावांची यादी सरकवायची आणि डिस्क तयार करायची.

माझ्या थोरल्या भावाला तिचं हे जाणं पसंत नव्हतं. दादा वेल्ह्याकडं, पासलीला, घरची भातशेती बघतो. एकदा चार माणसांत तो मला म्हणाला, "तुजी बायकू रोज कुठं जाती, म्हून लोक इचारत्यात. म्या काय सांगू?"

मी म्हणालो, "सांग की टीव्हीवर तिचं नाव येणार आहे."

हे मी न विचारता, स्वतःच्या भरवशावर बोललो होतो. पण पुढं दादानं कधी तो विषय काढला नाही.

डिस्क तयार झाल्या तेव्हा त्या पहिल्यांदा पासलीलाच लावल्या. गोष्टी छान दिसल्या. शेवटी हिरव्या पडद्यावर लाल अक्षरांत नावं खालून वर सरकू लागली आणि ती इतकी थरथरत होती की एकही नाव धड वाचता येईना. जरा वर जायची, तेवढीच मागं यायची, पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "चौथ्या ओळीत आहे बघ वहिनींचं."

तेव्हापासून पासलीला एक रीतच पडली. पाहुणे आले की डिस्क लागायची. गोष्ट संपली की दादा सगळ्यांना गप्प करायचा, बोट वर धरून ओळी मोजायचा आणि चौथी आली की ओरडायचा, "आली बगा धाकटी!"

माझ्या वहिनी, म्हणजे दादाची बायको, म्हणायच्या, "अवो, पर वाचाय कुठं येतंय?"

"पळतंय नाव. तिला एसटी गाठायची असती."

सगळे हसायचे. बायको त्या वेळी नेमकी चुलीपाशी असायची. मला वाटायचं, ती लाजते.

या दिवाळीनंतर भोरमधल्या एका शाळेत दुसऱ्या सत्रापासून मुलांना संगणकावर चित्रं शिकवायला कुणीतरी हवं होतं. बायकोनं अर्ज केला. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून ती असं काहीतरी शोधतच होती. मुख्याध्यापिका बोलायला चांगल्या होत्या. पण त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे पदवी नाही, हरकत नाही. पण प्रत्यक्ष केलेलं काम दाखवा. ज्यात तुमचं नाव छापलेलं आहे असं."

मी शेजारीच बसलो होतो. बायकोनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "आहे की. डीव्हीडीत चौथ्या ओळीत आहे. फक्त ती नावांची पाटी जरा हलते. मी नीट करून सोमवारी आणतो." बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला कुणी मध्ये बोलायला सांगितलं?" मी ते मनावर घेतलं नाही.

मी दूध संकलन केंद्रावर काम करतो. दिवसभर फॅट आणि डिग्री बघायची, आकडा लिहायचा. दूध पातळ वाटतंय, असं आमच्याकडे चालत नाही, किती पातळ ते लिहावं लागतं. डिस्कचं कामही मी त्याच पद्धतीनं सुरू केलं. एका डिस्कच्या कडेला तांबूस छटा चढली होती, म्हणजे ती आतून खराब होत चालली होती. तिन्हींची जशीच्या तशी नक्कल मी संगणकावर उतरवून घेतली. तांबूस झालेली चार वेळा वाचावी लागली.

आधी रंग तपासले. बायकोची त्या काळातली एक वही आहे. त्यात बेचाळीस रंग लिहिलेले आहेत आणि प्रत्येक रंगापुढे तीन आकडे आहेत, तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. नावं तिनं स्वतः ठेवलेली. आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, चिखल, भिजलेली घोंगडी, खेकड्याची नांगी. तरवा, म्हणजे भाताचं रोप, त्याचा हिरवा १२६, १७८, ६०. पांढऱ्याला तिन्ही आकडे २५५, काळ्याला शून्य.

माझ्या नकलेत पांढरा २३५ दिसत होता आणि काळा १६. सगळ्या चित्रावर राख उडाल्यासारखं. कारण शोधायला दोन दिवस गेले. डीव्हीडीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मोजपट्टी १६ ते २३५ एवढीच असते. दाखवताना ती शून्य ते २५५ अशी ताणायची असते. माझा प्रोग्राम ती ताणतच नव्हता. ते दुरुस्त केल्यावर पांढरा, काळा बरोबर आले, पण हिरवा काही येईना. तरव्याचा मधला आकडा १७८ च्या जागी १६६. चित्र मोठं केल्यामुळे प्रोग्रामनं ते नव्या रुंद टीव्हीचं समजून त्या हिशेबानं रंग उलगडले होते. जुन्या डिस्कचा हिशेब वेगळा असतो. तो लावला आणि आकडे आले १२६, १७७, ६१.

मी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, पडद्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "हाच. वरच्या खाचरातल्या तरव्यावरून घेतला होता मी हा. टीव्हीवर कधी असा दिसलाच नाही."

"एकेकाचा फरक आहे," मी म्हणालो.

"तेवढा सोडा की आता."

मग हलण्याकडे वळलो. इथं माझी एक चूक झाली. जुन्या डीव्हीडीत एक चित्र दोन अर्ध्यांत ठेवलेलं असतं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. टीव्ही ती अर्धी एकामागून एक दाखवतो. दोन बायांनी एकाच खाचरात एक आड एक ओळ लावत जावी, तसं. संगणक दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, म्हणून हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. ते घालवणारी एक सोय प्रोग्राममध्ये असते. ती मी सगळ्या डिस्कला सरसकट लावली, आणि खेकड्याच्या पायांच्या छान बारीक रेषा पायऱ्या-पायऱ्यांच्या झाल्या.

पुन्हा एकेक चित्र थांबवून बघितलं. गोष्टींच्या चित्रांत दोन्ही अर्धी एकाच क्षणाची होती, म्हणजे तिथं दुरुस्तीची गरजच नव्हती. निरोग्याला मी औषध पाजलं होतं. खरा दोष फक्त शेवटच्या पाटीत होता. तिथं अर्धी वेगवेगळ्या क्षणांची होती आणि त्यांचा क्रम उलटा लागला होता. आधी दाखवायचं अर्धं नंतर येत होतं. म्हणून अक्षरं पुढं जाऊन मागं यायची. चित्र थांबवलं तरी लाल रंग हिरव्यात ओघळलेला असायचा, त्यामुळे तसंही वाचता येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी जेवून पाटीला बसलो. बायको म्हणाली, "पाटीचं राहू द्या ना. गोष्टी इतक्या चांगल्या झाल्यात."

"शाळेला नावच तर हवंय."

ती आत गेली.

मी क्रम उलटा केला, दोन अर्धी सुटी केली आणि लाल रंगाचा हिशेब दोन्ही अर्ध्यांसाठी वेगळा लावला. पाटी सुरू केली. अक्षरं सावकाश, सरळ वर चढू लागली, जराही न हलता. पहिल्या ओळीत कथा, दुसरीत रेषा, तिसरीत आवाज. चौथ्या ओळीत रंगकाम, आणि त्यापुढे एका बाईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. ते नाव मी एकदाच छापलेलं पाहिलं होतं, माझ्या मित्राच्या लग्नपत्रिकेवर.

पाटीत एकोणीस नावं होती. मी ती सात वेळा वाचली. माझ्या बायकोचं नाव कुठंच नव्हतं.

तिला मी काहीच बोललो नाही. तिला धक्का बसेल असं मला वाटलं. शनिवारी सकाळचं दूध आटोपून मी थेट शिवऱ्याला गेलो. तिथं हायवेला लागून मित्राचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड मशीनमधून काढत होता.

"ये रे दूधवाल्या! आज इकडं कुठं? चहा सांगू?"

मी मोबाईलवर पाटीचा फोटो काढून नेला होता. तो त्याच्या पुढं धरला. त्यानं चष्मा वर केला, बघितलं, आणि पहिली गोष्ट काय म्हणाला, तर, "आयला, वाचता यायला लागलं की! कसं केलंस?"

"क्रम उलटा होता."

"व्हय, तो माझ्याकडूनच पडला होता. नवीन होतो ना मी तेव्हा."

"आणि नाव? तेपण तुझ्याकडूनच पडलं?"

त्यानं मशीन बंद केलं. मग नीट सांगितलं. त्याचं लग्न ठरत होतं. होणाऱ्या बायकोला पुण्यात नोकरी हवी होती आणि दाखवायला केलेलं काम नव्हतं. पाटी त्याच्याच हातात होती. "एका नावानं तिचं काम झालं असतं, आणि झालंसुद्धा. वहिनींना तर नोकरी होतीच. दुसऱ्या खेपेला बदलणार होतो रे, शपथ. दुसरी खेप निघालीच नाही."

"मी तुला विचारलं तेव्हा तू चौथी ओळ म्हणालास."

"मग रंगकाम चौथ्याच ओळीत आहे ना?"

"आणि मुद्दाम हलवलीस?"

"नाही नाही. ते चुकूनच झालं. पण झालं ते बरंच झालं म्हटलं." मग त्याला वाटलं की मला सगळंच ठाऊक आहे. तो म्हणाला, "हे बघ, वहिनी तेव्हाच बोलल्या होत्या मला. मोप शिव्या घातल्या. नंतर त्याच म्हणाल्या, यांना सांगू नका. मी माझा शब्द पाळला."

चहा आला होता. तो मी घेतला नाही. शिवऱ्याहून भोरपर्यंत मला एकच गोष्ट सुचत होती: दरवेळी पासलीला ओळी मोजायची वेळ आली की ती चुलीपाशी का जायची.

घरी आलो तर ती तांदूळ निवडत होती. मी फोटो तिच्या पुढं ठेवला. तिनं तो बघितलाच नाही.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"डिस्क निघायच्या आधी. स्टुडिओत यादी लागली होती पडद्यावर."

"म्हणजे अठरा वर्षं."

"मोजू नका तुम्ही आता."

"मग काय करू? मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पासलीला सांगून बसला होतात. टीव्हीवर नाव येणार म्हणून. मला विचारलं होतं? मी येऊन सांगितलं असतं नाव नाही, तर दादांपुढं तुम्ही खोटे पडला असता, आणि माझं जाणं दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. मला ते काम हवं होतं. म्हणून गप्प बसले. नंतर सोडलं काम, तेव्हा म्हटलं, आता काय."

"दरवेळी मी तिथं दादाबरोबर बसून ओळी मोजत होतो. वेड्यासारखा."

"मी आत उभी राहून ऐकत होते. त्यापेक्षा तुमचं मोजणं सोपं होतं."

तिचं म्हणणं समजलं नाही असं नाही. पण मित्रानं फसवलं ते मला एका बाजूला ठेवता आलं, हे ठेवता येईना. त्याच्यावर मी विश्वास टाकला होता. हिच्यावर विश्वास टाकावा लागतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

रविवारी पासलीला जायचं आधीच ठरलं होतं. दादानं नवा टीव्ही घेतला होता आणि साफ केलेली नक्कल घेऊन ये म्हणून तीन वेळा फोन केला होता. निघताना बायको म्हणाली, "एक करता? त्यांच्यासाठीच्या नकलेत पाटी हलतीच ठेवा. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?"

"दोष माहीत असून ठेवायचा?"

"माझ्यासाठी."

"मला नाही जमणार," मी म्हणालो. रागानं म्हणालो की खरंच जमणार नव्हतं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. आम्ही मोटारसायकलवर पासलीला पोचलो.

भाताची झोडणी उरकली होती. बाहेर खाचरं कापून पिवळी पडली होती आणि आत टीव्हीवर तरवा हिरवागार होता. दादा अगदी पुढं सरकून बसला होता. खेकड्याची गोष्ट संपली. त्यानं हात वर केला, "गप बसा रं. आता धाकटी येणार."

बायको या वेळी चुलीकडे गेली नव्हती. ती उठून टीव्हीच्या शेजारी उभी राहिली. "दादा, त्यात माझं नाव नाही."

दादा हसला. "चवथी वळ."

"चौथ्या ओळीत दुसरीचं आहे. आता वाचता येईल, बघा."

नावं चढू लागली. दादाला चष्म्यानं वाचता येतं. त्यानं चौथी ओळ वाचली आणि ती वर निघून गेल्यावरही बोट तसंच धरून राहिला. मग तो माझ्याकडे वळला. "तू म्हणला हुतास. चार माणसांत म्हणला हुतास. आन् म्या हितं आल्यागेल्याला वरडून सांगत बसलो. लबाड बोललास व्हय रं माज्याशी?"

काल मी जे बायकोला विचारलं होतं तेच तो मला विचारत होता.

"यांना माहीत नव्हतं," बायको म्हणाली. "मला होतं."

वहिनी हळूच म्हणाल्या, "मंग रंग कुणी दिलं?"

मी पिशवीतून वही काढली. बेचाळीस रंग, आणि शेजारी मी डिस्कवरून मोजलेले आकडे. एकोणचाळीस रंग एक-दोनच्या फरकानं जुळले होते. उरलेले तीन रंग, डिस्क खराब झाली होती तिथले, मोजता आले नाहीत. मी एकेक वाचायला लागलो. दादानं चौथ्या-पाचव्यालाच थांबवलं. "आकडं ऱ्हाऊ दे तुजं." तो बायकोला म्हणाला, "ह्यो वरच्या खाचरातला तरवा हाय ना? बांधाजवळचा? तितं कायम जरा काळपट येतो."

"हो. तोच."

"मला वाटलंच हुतं." एवढंच बोलून तो बैलांना वैरण टाकायला बाहेर गेला. आम्ही निघेपर्यंत माझ्याशी तो एक शब्दही बोलला नाही. अजूनही फोनवर मोजकंच बोलतो.

सोमवारी शाळेत बायकोनं स्वतःच सगळं सांगितलं, मला बाहेर बसवून. नाव नाही, का नाही, ते. वही आणि नक्कल पुढं ठेवली. मुख्याध्यापिकांनी वही न दाखवता तिला पाच-सहा रंगांचे आकडे विचारले म्हणे, आणि तिनं ते सांगितले. वर्ग तिला मिळाला, या सत्रापुरता. त्यांनी वहीची झेरॉक्स ठेवून घेतली आहे.

आता डिस्कच्या नकलेसोबत ठेवायचं टिपण मी लिहितो आहे. पुढं कुणी ती उघडली तर कळावं म्हणून. कुठला दोष होता, कसा काढला, कुठं काढता आला नाही. पाटीच्या नोंदीत मी लिहिलं, चौथ्या ओळीतलं नाव चुकीचं आहे, रंगकाम माझ्या पत्नीचं. खाली लिहिलं, ही चूक पत्नीला सुरुवातीपासून माहीत होती.

तिनं ते वाचलं. म्हणाली, "हे कुणाला हवंय?"

"खरं आहे."

मग माझंच पेन घेऊन त्या ओळीखाली तिनं लिहिलं, आणि कुणालाही न विचारता नावाचं वचन पतीनं दिलं होतं. कागद माझ्या पुढं ठेवून ती तासाला निघून गेली.

दोन्ही ओळी खऱ्या आहेत. कागद अजून टेबलावरच आहे. मी त्यातली एकही खोडलेली नाही.